अँकी : ‘मला हे येते’ या समजुतीची रोजची तपासणी

अँकी हा पाठांतराचा प्रोग्रॅम म्हणून ओळखला जातो आणि त्याची बहुतेक परीक्षणे त्याच अंगाने लिहिली जातात: किती शब्द लक्षात राहिले, परीक्षेला किती उपयोग झाला, कोणती सेटिंग लावावी. मला मात्र त्याच्याबद्दल वेगळाच प्रश्न विचारायचा आहे. एखादी गोष्ट आपल्याला येते असे मनापासून वाटत असते, पण कोणी नेमके विचारले की उत्तर सापडत नाही. ही तफावत माणसाला वेळेवर दाखवून देण्याचे साधन म्हणून अँकी कितपत चालते? बराच काळ नियमित वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की या कामासाठी इतके साधे आणि इतके स्पष्टवक्ते साधन सहज मिळत नाही. त्याच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत, आणि त्या न ओळखता वापरणाऱ्याच्या मनात जुना भ्रम जाऊन नवा, अधिक पक्का भ्रम बसण्याचा धोका आहे.

ज्यांनी हा प्रोग्रॅम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डेमियन एल्म्स यांनी तो २००६ मध्ये उपलब्ध करून दिला. आपण कार्डे तयार करायची, एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर. प्रोग्रॅम प्रश्न दाखवतो, आपण मनात उत्तर देतो, मग खरे उत्तर उघडतो आणि आपल्याला कितपत आठवले ते ‘अगेन’, ‘हार्ड’, ‘गुड’, ‘ईझी’ यांपैकी एक बटण दाबून नोंदवतो. आठवले असेल तर ते कार्ड पुढच्या वेळी अधिक दिवसांनी येते, विसरलो असू तर लगेच परत येते. हे अंतर ठरवण्याची मूळ पद्धत पोलिश संशोधक पिओत्र वोझ्नियाक यांच्या १९८७ च्या सूत्रावर बेतलेली आहे. २०२३ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून एफएसआरएस नावाचा नवा पर्यायही त्यात आहे, जो आपल्याच जुन्या नोंदींवरून आपण केव्हा विसरू याचा अंदाज बांधतो. संगणकावर आणि अँड्रॉइडवर सगळे मोफत आहे, आयफोनच्या अ‍ॅपसाठी एकदा पैसे भरावे लागतात. दिसायला तो रुक्ष आहे आणि त्यात माझी काही तक्रार नाही.

आता मूळ मुद्दा. वाचलेले पुन्हा वाचले की ते ओळखीचे वाटते, आणि ओळखीचे वाटणे म्हणजेच येणे असे मन परस्पर ठरवून टाकते. पुस्तकात पिवळ्या रेघा मारून ठेवलेले पान दुसऱ्यांदा वाचताना कुठेही अडखळायला होत नाही, म्हणून ते पान ‘झाले’ असे वाटते. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. विद्यार्थ्यांना स्वाहिली शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ अशा ४० जोड्या शिकवल्या गेल्या. काहींनी जोड्या पुन:पुन्हा अभ्यासल्या, पण एकदा बरोबर आलेल्या जोडीची चाचणी पुन्हा दिली नाही. काहींनी चाचण्या चालू ठेवल्या. आठवड्यानंतर चाचण्या चालू ठेवणाऱ्यांना सुमारे ८० टक्के जोड्या आठवल्या, आणि चाचण्या थांबवणाऱ्यांना जेमतेम एक तृतीयांश. हा फरक मोठा आहेच, पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी नोंद. आठवड्यानंतर किती आठवेल, असे शिकून झाल्यावर विचारले तेव्हा सगळ्या गटांनी जवळपास सारखाच, निम्म्याच्या आसपासचा अंदाज दिला होता. म्हणजे ज्यांना खूप येणार होते आणि ज्यांना फार थोडे येणार होते, त्या दोघांनाही आपापल्या स्थितीचा आतून पत्ता नव्हता.

अँकीची खरी किंमत इथे कळते. आपल्याला किती येते हे मनाला विचारून समजत नसेल, तर बाहेरून विचारणारे कोणीतरी हवे, आणि ते रोज, कंटाळा न करता विचारणारे हवे.

एक कार्ड जवळून पाहू. प्रश्न आहे: चंद्राच्या कला का दिसतात? पडद्यावर एवढी एकच ओळ आणि खाली उत्तर दाखवण्याचे बटण. चंद्र लहानपणापासून पाहिलेला, कला हा शब्द शाळेपासून ओळखीचा, त्यामुळे उत्तर येते असे वाटून बोट बटणाकडे जाते. तिथेच थांबून पूर्ण वाक्य मनात म्हणायचा प्रयत्न केला, तर पुष्कळ सुशिक्षित माणसांच्या तोंडून येते ते असे: पृथ्वीची सावली चंद्रावर पडते म्हणून. हे चंद्रग्रहणाचे कारण आहे आणि ते फक्त पौर्णिमेला घडू शकते. कार्डाच्या मागे लिहिलेले असते की चंद्राचा सूर्याकडचा अर्धा भाग नेहमीच उजळलेला असतो आणि त्यातला किती भाग आपल्याकडे वळलेला आहे, यावर कला ठरते. याच्या पडताळ्याला दुर्बीण लागत नाही. शुक्ल पक्षातली बारीक कोर सूर्यास्तानंतर पश्चिमेला, सूर्य मावळला त्याच बाजूला दिसते. पृथ्वीची सावली तर सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला पडते, ती त्या कोरेपर्यंत पोहोचणार कशी? इतक्या वेळा पाहिलेल्या दृश्यातच आपल्या उत्तराचे खंडन होते आणि तरीही ते उत्तर वर्षानुवर्षे बिनधोक टिकलेले असते, कारण ते पूर्ण वाक्यात मांडायची वेळच कधी आलेली नसते. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधले ते चार-पाच सेकंद ही वेळ आणतात. या प्रोग्रॅममध्ये मला मोलाचे वाटते ते एवढेच, आणि ते पुष्कळ आहे.

नेमका हाच क्षण निसटून जावा, अशी एक सोय मात्र प्रोग्रॅममध्येच आहे. संगणकावर स्पेसबार दाबला की उत्तर उघडते, आणि उत्तर उघडल्यावर तीच कळ पुन्हा दाबली की ‘गुड’ अशी नोंद होते. वेगाच्या दृष्टीने ही सोय उत्तम आहे. पण प्रामाणिकपणाच्या दृष्टीने पाहा: उत्तर डोळ्यांसमोर आले की ‘हो, हेच म्हणणार होते मी’ असे वाटायला अर्धा सेकंदही लागत नाही, आणि अंगठा तर आधीच कळीवर टेकलेला असतो. जे आठवले नव्हते, फक्त ओळखले गेले, ते आठवले म्हणून वहीत चढते. शंभर कार्डांच्या बैठकीत हे किती वेळा झाले, हे शेवटी सांगता येणार नाही. माझा आग्रह असा की उत्तर उघडण्यापूर्वी ते ओठ हलवून म्हणावे, नाहीतर कागदावर दोन शब्द लिहावेत. ‘जिभेवर आहे’ ही अवस्था ‘अगेन’ मध्येच धरावी.

‘हार्ड’ या बटणाबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे, कारण त्याचा गैरवापर सर्वांत जास्त होतो. चार बटणांपैकी ‘अगेन’ हे एकच नापासाचे आहे. ‘हार्ड’, ‘गुड’ आणि ‘ईझी’ ही तिन्ही पासाची आहेत. ‘हार्ड’ चा अर्थ आठवले, पण कष्टाने. व्यवहारात मात्र पुष्कळ लोक विसरलेल्या कार्डालाही ‘हार्ड’ देतात, कारण ‘अगेन’ दाबणे म्हणजे हार मानल्यासारखे वाटते आणि कार्डाचे वाढवत आणलेले अंतर पुन्हा शून्यावर येते. प्रोग्रॅमला हे कळण्याचा मार्ग नाही. तो समजतो की आठवले, आणि पुढचे अंतर वाढवतो. एफएसआरएस आपल्या नोंदींवरूनच शिकत असल्यामुळे तिथे हे नुकसान आणखी पसरते: विसरण्याला आठवणे म्हटले गेले की आपली स्मरणशक्ती आहे त्याहून चांगली आहे असे सूत्रही मानू लागते आणि सगळ्याच कार्डांची अंतरे ताणते. आपला स्वत:बद्दलचा फुगवलेला अंदाज इथे अक्षरश: यंत्राच्या हिशेबात जाऊन बसतो. नवख्या माणसाने सुरुवातीचे काही महिने ‘अगेन’ आणि ‘गुड’ ही दोनच बटणे वापरावीत, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. आठवले की नाही, एवढाच प्रश्न उरतो आणि त्यात पळवाटा कमी असतात.

यावर प्रोग्रॅममध्येच एक चांगला उपाय आहे, पण नवख्याला तो सहज सापडत नाही. कार्डाच्या साच्यात छोटा बदल केला की उत्तर टाइप करण्याची चौकट येते. आपण लिहिलेले आणि कार्डावरचे उत्तर अक्षराअक्षराने ताडून दाखवले जाते, जुळलेली अक्षरे हिरवी आणि चुकलेली लाल. शब्दांचे लेखन, रासायनिक सूत्रे, सनावळ्या, व्यक्तींची नावे यांसाठी याच्याइतकी चोख तपासणी नाही. ‘जवळपास बरोबर होते’ हे म्हणायला जागाच राहत नाही. लांब उत्तरांना ती निरुपयोगी आहे, आणि खरे ज्ञान बहुधा लांब उत्तरांतच असते, ही अडचण पुढे येतेच.

माझी सर्वांत मोठी तक्रार अशी की उत्तर उघडण्यापूर्वी आपली खात्री नोंदवण्याची सोय मूळ प्रोग्रॅममध्ये नाही. चारही बटणे उत्तर पाहिल्यानंतर येतात. पण स्वत:च्या अंदाजाची पारख करायची तर ‘मला ९० टक्के खात्री आहे’ हे आधी लिहून ठेवायला हवे आणि नंतर पाहायला हवे की अशा खात्रीच्या दहा उत्तरांपैकी नऊ बरोबर निघतात का. हवामानाचा अंदाज देणाऱ्यांना ही कसरत रोजच्या कामात करावी लागते: पावसाची शक्यता ७० टक्के सांगितलेल्या दिवसांपैकी सुमारे ७० टक्के दिवशी पाऊस पडला, तर त्यांचा अंदाज खरा. ते या बाबतीत इतर अनेक व्यवसायांतील तज्ज्ञांपेक्षा सरस ठरतात, कारण त्यांना उत्तर लवकर आणि हमखास मिळते. अँकीत उत्तर तर त्याच क्षणी मिळते. नोंदीची एक चौकट असती, तर स्वत:ची खात्री तोलून पाहण्याचे उत्कृष्ट साधन तयार झाले असते.

ही उणीव शेजारी ठेवलेल्या कागदाने बऱ्यापैकी भरून निघते, आणि ज्यांना या विषयात खरा रस आहे त्यांनी ते जरूर करावे. तीनच रकाने पुरतात: पक्के, बहुधा, अंदाज. ‘पक्के’ च्या रकान्यात पडलेल्या चुका बाजूला काढून पाहिल्या की त्यांचा एक स्वभाव दिसतो. त्या बहुतेक अवघड विषयांतल्या नसतात; ज्या गोष्टी आपण इतरांना आत्मविश्वासाने सांगत आलो, त्या असतात. आशर कोरियात, सारा लिक्टेनस्टाइन आणि बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये दाखवले होते की निवडलेल्या उत्तराच्या विरोधातली कारणे लिहायला लावली की लोकांची खात्री वास्तवाच्या जवळ येते. बाजूची कारणे लिहून तसा उपयोग झाला नाही, कारण ती मन आपणहून शोधतच असते. म्हणून काही निवडक कार्डांवर मी एक जादा ओळ सुचवते: हे उत्तर चूक असेल, तर कशावरून कळेल? चंद्राच्या कार्डावर ही ओळ असेल, तर पश्चिमेची कोर तिथेच आठवण्याची शक्यता आहे.

आता समजुतीबद्दल. येल विद्यापीठातील संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना चेन, कुलूप, शिवणयंत्र, फ्लशची टाकी अशा वस्तू कशा चालतात हे आपल्याला कितपत समजते याला गुण द्यायला सांगितले होते. मग त्यांना त्या वस्तूचे काम पायरीपायरीने लिहून काढायला लावले आणि पुन्हा गुण द्यायला सांगितले. लिहून झाल्यावर गुण घसरले. बॅगेची चेन रोज ओढली जाते, म्हणून ती समजली आहे असे वाटते. पण रनरच्या आत वाय आकाराची खोबण असते, ती दोन्ही बाजूंच्या दातांना ठरावीक कोनात जवळ आणते, एका दाताचा उंचवटा समोरच्या दाताच्या मागच्या खळग्यात बसतो आणि उलट ओढताना मधली पाचर त्यांना सोडवते, हे सलग सांगणे ही वेगळी गोष्ट आहे.

अँकी इथे तोकडे पडते आणि ते मान्य करायला हवे. हेच स्पष्टीकरण कार्डाच्या मागे लिहिले, तर दहाव्या वेळेपर्यंत आपल्याला चेन समजलेली नसते, ते वाक्य पाठ झालेले असते. प्रश्नाचा पहिला शब्द, त्याची लांबी, त्यातले एखादे विचित्र विशेषण एवढ्यावरूनच उत्तर ओठांवर येऊ लागते. तोच प्रश्न दुसऱ्याने दुसऱ्या शब्दांत विचारला की गाडी अडते. इतरांनी बनवलेले तयार संच उतरवून घेणाऱ्यांना हा धोका दुप्पट असतो, कारण त्यांनी ती माहिती कधी स्वत:च्या शब्दांत मांडलेलीच नसते. म्हणून कार्डे स्वत: लिहावीत, एकाच गोष्टीवर दोन-तीन बाजूंनी प्रश्न करावेत, आणि यंत्रणेच्या कार्डांवर ‘सांगा’ ऐवजी ‘कोऱ्या कागदावर आकृती काढा’ असे लिहावे. आकृतीत रनरच्या आतली पाचर काढायची राहिली, तर ती राहिलेली दिसते.

आकडेवारीचे पान देखणे आहे आणि जपून वाचण्यासारखे आहे. ज्या कार्डाचे अंतर २१ दिवस किंवा त्याहून जास्त झाले आहे, त्याला अँकी ‘मॅच्युअर’ म्हणते आणि अशा कार्डांतली किती आठवली याची टक्केवारी वेगळी दाखवते. एफएसआरएसमध्ये मूळ लक्ष्य ९० टक्के ठेवलेले असते, म्हणजे दहांतले एक कार्ड विसरले जाणे हे योजनेतच धरलेले आहे. ही गोष्ट समजून घेतली की ‘अगेन’ दाबण्याची लाज कमी होते, आणि माझ्या मते ती कमी होणे हे टक्केवारी वाढण्यापेक्षा जास्त कामाचे आहे. तो आकडा शेवटी बटण दाबणाऱ्या अंगठ्याइतकाच खरा असतो. एक छोटी सोय मात्र मनापासून आवडते: आठ वेळा विसरलेल्या कार्डावर ‘लीच’ असा शिक्का बसतो आणि तशी सेटिंग असेल तर ते आपोआप बाजूला ठेवले जाते. बहुधा अशा कार्डात आपण न समजलेली गोष्ट पाठ करायला निघालेलो असतो, आणि ते पुन्हा घोकण्यापेक्षा मूळ पुस्तकाकडे परत जावे.

शेवटची मर्यादा सर्वांत कमी बोलली जाते. अँकी आपले उत्तर जगाशी ताडून पाहत नाही, आपणच लिहिलेल्या उत्तराशी ताडून पाहते. २०१९ च्या अखेरीस कोणी ‘शनीला किती चंद्र आहेत?’ या कार्डामागे ८२ लिहिले असेल, तर ते तेव्हा बरोबर होते. २०२५ मध्ये १२८ नव्या चंद्रांना एकदम मान्यता मिळाली आणि संख्या २७४ झाली. जुन्या कार्डावर मात्र आजही ८२ म्हटले की ‘गुड’ च मिळेल आणि पुढची भेट काही वर्षांवर जाईल. जितके कार्ड जुने तितके ते क्वचित दिसते, आणि जितके ते पक्के तितकी त्याच्याबद्दल शंका कमी. म्हणजे चुकीचे किंवा शिळे उत्तर सर्वांत सुरक्षित जागी जाऊन बसते. औषधांची मात्रा, कायद्यातली कलमे, संगणकाच्या आज्ञा अशा बदलत्या माहितीवर काम करणाऱ्यांसाठी ही बाब किरकोळ नाही. प्रत्येक कार्डाला ‘कुठून घेतले’ आणि ‘केव्हा तपासले’ असे दोन रकाने जोडता येतात आणि ते जोडावेत. जुन्या तारखांची कार्डे शोधून काढणे त्यामुळे शक्य होते, पण ती तपासण्याचे काम प्रोग्रॅम करणार नाही.

परीक्षा आठवड्यावर आली असेल, तर अँकी आता सुरू करू नये. अंतरे वाढवायला लागणारा वेळच हातात नसतो. ज्यांना दिवसाला वीस मिनिटे शांतपणे बसता येत नाही, त्यांच्याकडे साचलेल्या कार्डांचा ढीग होतो आणि मग तो भराभर उपसताना सगळी प्रामाणिक तपासणी हरवते. नव्या कार्डांची रोजची मर्यादा मूळ सेटिंगमध्ये २० असते, ती निम्म्यावर आणावी. शिक्षक, डॉक्टर, वकील, भाषांतरकार अशा ज्यांच्या बोलण्यावर इतर लोक विसंबून राहतात, त्यांना मी हा प्रोग्रॅम विशेष आग्रहाने सुचवेन. त्यांनी नवे शिकण्यासाठीच तो वापरावा असे नाही. जे आपल्याला चांगले येते असे वाटते, जे आपण नेहमी इतरांना समजावून सांगतो, त्याचीच पहिली पन्नास कार्डे करावीत, शक्यतो टाइप करून उत्तर द्यायच्या साच्यात, आणि उत्तर उघडण्यापूर्वी शेजारच्या कागदावर आपली खात्री लिहून ठेवावी.